फर्दापूरचं तिकीट, मोबाइलवर



सोयगाव तालुक्यातलं फर्दापूर म्हणजे अजिंठा लेण्यांचा उंबरठा. इथल्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार भारतीयांसाठी लेण्यांचं तिकीट रोखीने ४० रुपयांना, तर रोकड न देता ३५ रुपयांना. एसटीच्या वाहकाकडच्या नव्या मशीनवरही आता क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट काढता येतं. सुट्या पैशांची कटकट नाही.

पण खेड्यात हे सहज रुजलं नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या ऐन धांदलीत, ठाणे जिल्ह्यातलं धसई राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस गाव’ म्हणून जाहीर झालं. दुकानांत कार्डाची मशीनं आली. नोटा पुन्हा मिळू लागल्या आणि बराचसा व्यवहार रोखीकडे परतला.

मग बदललं काय? कार्डाला मशीन लागतं. यूपीआयला दुकानदाराकडे छापील क्यूआर कोडचा एक कागद पुरतो. पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. चहाची टपरीही त्यात आली.

अडचण येते ती इंटरनेट नसल्यावर. साधा फोन असणाऱ्यांसाठी मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३ पे’ आहे; त्यात इंटरनेटशिवाय, फोन लावून पैसे पाठवता येतात. खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला मात्र पोचले नाहीत, तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

म्हणून श्रोतेहो, मोबाइलवर निर्धास्त व्यवहार करा, पण प्रवासाला निघताना शंभराच्या दोन-तीन नोटा जवळ असू द्या. घरातल्या आजी-आजोबांनाही एक गोष्ट नक्की समजावून सांगा: पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. तरीही फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.