काढून टाकण्याची शिस्त



आपल्या भिंगारची कितीतरी मुलं आज पुण्या-बंगळुरूत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे: सांभाळून ठेवलेली फाइल काढून टाकायची कशी?

या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर आपल्या शेजारी, नगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत 1980च्या दशकातच मिळालं होतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची जी घडी बसवली, ती पुढे राज्यभर 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. अ वर्गाचे कागद कायमचे, ब वर्गाचे तीस वर्षांचे, क वर्गाचे त्याहून कमी मुदतीचे आणि ड वर्गाचे लवकरच काढून टाकायचे. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावले जात आणि त्यांतही नष्ट करायच्या कागदांना स्वतःची जागा होती. कागद फाडायचा तो वर्ग पाहून, मुदत पाहून. जागा अडते म्हणून उचलला आणि फाडला, असं चालत नसे.

संगणकावर नेमकी हीच शिस्त सुटते. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केलेली 'गिट' ही प्रणाली आज जगभर वापरली जाते. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद गिट ठेवतं. त्यामुळे आज फाइल डिलीट केली तरी कालच्या नोंदीत ती शाबूत असते आणि प्रकल्पाची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे जाते. मोठा व्हिडिओ चुकून आत गेला, तर साऱ्यांनाच तो वागवावा लागतो. पासवर्ड गेला, तर तो फुटलाच म्हणून समजा.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड रद्द करून नवा घेणं. नोंदींचा इतिहास साफ करणं त्यानंतर. साफ करण्याआधी पूर्ण भांडाराची, म्हणजे प्रकल्प आणि त्याच्या सगळ्या नोंदींची, एक प्रत बाजूला काढा, मग 'गिट फिल्टर-रेपो' हे साधन चालवा. त्याने जुन्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात आणि त्यांचे ओळखक्रमांक बदलतात. म्हणून सहकाऱ्यांना आधी कळवा आणि नंतर नवी प्रत घ्यायला सांगा. एकानेही जुन्या प्रतीतलं काम भांडारात चढवलं, तर काढलेली फाइल परत येते. बाजूला ठेवलेल्या प्रतीतही ती फाइल आहे, हे विसरू नका. काम नीट झाल्याची खात्री पटली की तीही पुसा.

दुसरा प्रसंग याच्या उलट असतो. फाइल हवी आहे, फक्त या संगणकावर जागा उरलेली नाही. लग्नाचे व्हिडिओ, संशोधनाची मोजमापं, जुनी ध्वनिमुद्रणं. यासाठी जोई हेस यांनी 2010 साली 'गिट-अ‍ॅनेक्स' लिहिलं. गिटमध्ये राहते ती फाइलची नोंद. खरा मजकूर वेगळा ठेवला जातो आणि कोणत्या डिस्कवर तो आहे याचा हिशेब राहतो. इथला मजकूर काढायला सांगितलं की गिट-अ‍ॅनेक्स आधी दुसरीकडच्या प्रती तपासतं. ठरवलेल्या संख्येइतक्या प्रतींची खात्री पटली तरच ते मजकूर काढतं, नाहीतर चक्क नकार देतं. ही संख्या मुळात एकच असते. ती वाढवून किमान दोन करा. 'फोर्स' हा शब्द जोडून नकार डावलता येतो, पण मग नुकसानीची जबाबदारी आपली.

दोन प्रसंग, दोन नियम. गुपित फुटलं असेल तर आधी ते निकामी करा, मग पुसा. मोलाची फाइल असेल तर आधी दुसरी प्रत उघडून बघा, मग पुसा. कॉलेजातल्या मुलांनी हे नोकरी लागायची वाट न पाहता आजच शिकावं. सरावाला एखादं लहान, बिनमहत्त्वाचं भांडार घ्या आणि त्यातली एक फाइल इतिहासासकट काढून बघा.