दम आला म्हणजे पाय तयार झाले असं नाही
(प्रभागसंघाच्या मार्च महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्य व व्यायाम’ असं लिहिलंय. पण आधी मला एक चूक कबूल करायची आहे. ती झाली त्या दिवशी तुमच्यापैकी निम्म्या जणी मैदानावर होत्या.

गेल्या वर्षीचा आठ मार्च आठवतोय ना? संगीत खुर्ची झाली, लिंबू-चमचा झाला. मग मी माईकवरून जाहीर केलं, की पंचेचाळीसच्या पुढच्या महिलांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, पळत. कुणी उठेना. मग मी लता करे यांची गोष्ट सांगितली. त्या शेजारच्या बारामतीच्या. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत पळाली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. गोष्ट खरी आहे. पण मी ती सांगितली ती तुम्हाला उठवायला. “त्या पळू शकतात, मग तुम्ही का नाही?” असं म्हणाले मी. तेव्हा मला वाटलं, काय छान बोलले! आता वाटतं, त्या बाई हौसेनं नाही, गरजेपोटी पळाल्या होत्या. आपण त्यातून ‘मनात आणलं की झालं’ एवढंच उचलतो, आणि ते काही बरोबर नाही.

तर त्या दिवशी बावन्न वर्षांच्या एक काकू उठल्या. नाव घ्यायचं नाही असं आमचं ठरलंय. (तिकडे बघू नका हो सगळ्या जणी!) साडी खोचली, चप्पल काढली आणि पळाल्या. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होत्या. दुसऱ्या फेरीत खड्ड्यात पाय गेला, घोट्याचं हाड तडकलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघून थोडं चालायला लागल्या तोवर पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. सकाळी मूठ वळत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती, धार काढायला सुनेला जावं लागायचं. मजुरी बुडाली आणि गटाचा हप्ता थकला. गटानं दोन महिने हप्ता पुढे ढकलला, हे तुमच्या गटाचं मोठेपण. पण काकू बैठकीला यायच्या बंद झाल्या. मी भेटायला गेले की म्हणायच्या, “तुझा काय दोष पोरी, खड्ड्याचा दोष.” मला मात्र रात्री झोप लागत नव्हती.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांनीच विषय काढला. “मला परत पळायचंय.” मी घाबरलेच. म्हटलं, “काकू, आता कशाला?” त्या म्हणाल्या, “सातवीपर्यंत शाळेत पळत जायचे. नंतर शाळा सुटली, पळणं सुटलं. त्या दिवशी पडायच्या आधीची एक फेरी आहे ना, तेवढ्यात मला कुणी हाक मारत नव्हतं.”

यावर मी काय बोलणार?

पण या वेळी ठरवलं, घाई नाही. आधी उपकेंद्रात गेलो. सीएचओ मॅडमनी बीपी, साखर आणि रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं 9.2. आपल्या वयाच्या बाईला किमान 12 हवं. काकू समजत होत्या, धाप लागते ती वयामुळे. ती निम्मी रक्तामुळे होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यायची. हे सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण सकाळचा चहा म्हणजे त्यांचा देव.

सांध्यांचं आणि घोट्याचं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सूज नसेल तर हळूहळू चाला, आणि पायात ताकद येईपर्यंत पळू नका. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तीन गोष्टी दिल्या. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, दहा-दहा वेळा. एका पायावर उभं राहायचं, चुलीवर दूध तापेपर्यंत. आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं. आजारात अंथरुणाला खिळलं की पायाचं मांस भराभर वितळतं आणि ते परत भरायला फार वेळ लागतो. म्हणून पहिला महिना नुसता हा व्यायाम आणि चालणं, पळणं नाहीच.

डिसेंबरात पळणं सुरू झालं. पाच मिनिटं चालायचं, मग एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. एक दिवस पळायचं, एक दिवस सोडायचा. हळू म्हणजे किती? शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. पळता पळता सुनेची तक्रार पूर्ण वाक्यात सांगता आली, तर वेग बरोबर आहे. नुसतं “हो”, “नाही” एवढंच निघत असेल तर जास्त झालं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंना एका सकाळी फार बरं वाटलं. गार हवा होती, दम लागत नव्हता. मी त्या दिवशी नव्हते. त्यांनी एका दमात मैदानाला चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी घोटा सुजलेला.

मला सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायचंय ते इथेच आहे. व्यायाम सुरू केला की दम काही आठवड्यांत सुधारतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या तयार व्हायला कित्येक महिने लागतात, आणि वय वाढलं की अजून जास्त. त्यामुळे मधे असा काळ येतो, जेव्हा छाती म्हणते “पळ” आणि पाय तयार नसतात. वाईट दिवशी आपण आपोआप थांबतो. दुखापत होते ती चांगल्या दिवशी. म्हणून बरं वाटत असतानाच थांबायचं. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार अवघड. आपल्याला तर कामाची सवय अशी की वाफा पूर्ण झाल्याशिवाय खुरपं ठेवायचं नाही.

काकूंनी दहा दिवस विश्रांती घेतली आणि जिथे होत्या त्याच्या एक पायरी मागून परत सुरू केलं. तेव्हापासून त्यांची खूण ठरलेली आहे. पळून आल्यावर काय दुखतं ते बघायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याच्या पायऱ्या उतरताना बघायचं. नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर त्या दिवशी सुट्टी. लंगडत तर कधीच पळायचं नाही.

आता तुमच्या मनातलं बोलते. “शेतात दिवसभर राबतो, वर पळायचं कशाला?” मलाही घरोघरी हेच विचारतात. खुरपणीत कंबर वाकून तीच ती हालचाल होते, शरीर झिजतं. किती करायचं हे आपण ठरवत नाही, तण ठरवतं. पळणं किंवा भराभर चालणं आपल्या मापानं वाढवता येतं. शिवाय पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पावलाचा बेताचा दणका हाडांना मजबूत राहायला मदत करतो. पण सगळ्यांनी पळावंच असं मी म्हणणार नाही. गुडघे फार झिजले असतील तर चाला, त्यानंही पुष्कळ होतं. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली, तिला लहानपणापासूनची तयारी होती. पंजाबच्या मान कौर यांनी 93 व्या वर्षी पळायला सुरुवात केली आणि 2017 मध्ये न्यूझीलंडला, वयाच्या 101 व्या वर्षी, 100 मीटर पळाल्या 74 सेकंदांत. आपल्याला त्यांच्यातलं कुणीही व्हायचं नाहीये.

एक गोष्ट अजून, जी कुणी बोलत नाही. पळताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जातात. (बघा, कशा गप्प झालात!) बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यावर हे खूप जणींना होतं. काकूंनी याच कारणानं पळणं सोडायचं ठरवलं होतं, मला दोन आठवडे सांगितलं नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळून सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पण हा सराव लघवी करताना करायचा नाही. काही महिन्यांत फरक पडतो. नाही पडला तर दवाखान्यात सांगा, त्यात लाज कसली.

आणि हे मात्र लक्षात ठेवा. छातीवर दाब आला, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं, चक्कर आली, एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागली, तर पळणं बंद आणि थेट दवाखाना. बायकांना हृदयाचा झटका कधी कधी नुसती धाप, मळमळ आणि फार थकवा असाही येतो. “पित्त झालं असेल” म्हणून घरी बसू नका, 108 ला फोन करा. अंगात ताप असताना पळायचं नाही. टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

बाकी बुटांचं विचाराल तर काकू आधी मुलीचे जुने बूट दोन मोजे घालून वापरत होत्या. नंतर गटातल्या जणींनी वर्गणी काढून मापाचे घेतले. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला म्हणून गल्लीत चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी चर्चा करणाऱ्यांपैकीच दोघी मैदानावर आल्या. आता सहा जणी आहेत. कुत्र्यांचा त्रास आहे, म्हणून काठी एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे.

काकू सध्या वीस मिनिटं पळतात, मधे दोनदा चालून. हप्ते जानेवारीपासून नियमित सुरू आहेत. बोटं अजून थंडीत आखडतात, ते काही पूर्ण गेलेलं नाही.

यंदाच्या आठ मार्चला मी धावण्याची स्पर्धा ठेवली नव्हती. पण बायकांनीच आग्रह केला, तेव्हा आदल्या दिवशी मैदानातले खड्डे बुजवले आणि एकच फेरी ठेवली. मी काकूंकडे गेले, म्हटलं, “चला, तुमचं नाव लिहू?” काकू म्हणाल्या, “आज नाही. काल पळाले मी. आज माझी सुट्टी आहे.” आणि शिट्टी माझ्या हातातून घेऊन रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

ज्यांना यायचंय त्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेपाचला शाळेच्या फाटकापाशी या. त्याआधी उपकेंद्रात रक्त आणि बीपी तपासून घ्या. कागद काकूंना दाखवावा लागेल, त्या बघितल्याशिवाय कुणाला पळू देत नाहीत. मलाही दिलं नव्हतं.