गावची विहीर आणि रसायनाचा पाठ
(शिक्षक मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शाळेत प्रयोगशाळा नाही, सबब रसायनाचा पाठ फळ्यावरच आटोपावा लागतो, ही अडचण आपल्यापैकी पुष्कळांनी माझ्यापाशी मांडली आहे. ती खोटी नाही. परंतु ज्या गावात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, तेथे रसायनाचे एक मोठे पात्र अगोदरच भरून ठेवलेले आहे. त्यात टीसीएल पावडर टाकतात. ती किती टाकावी, हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे ठेवावा, असे मला सुचवावयाचे आहे.

प्रथम विहीर मोजावी. कठडा पक्का असेल तेथेच, आणि शिक्षक जवळ उभे असतानाच, मुलांनी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली घ्यावी. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास ते सुमारे ३७,६८० लिटर भरते. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम, या सर्वसाधारण प्रमाणाने ९४ ग्रॅम लागेल. वर्तुळाचे क्षेत्रफळ कशासाठी शिकावयाचे, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

पावडर मुलांच्या हाती देऊ नये; ते काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. मुलांनी दुरून पाहावे. बादलीत पावडर कालवली की चुना तळाशी बसतो आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडतात. विद्राव्य आणि अविद्राव्य हे शब्द येथे द्यावेत. पुढे एक तास थांबावे लागते. अशाच क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांनी हात धुवावेत, असा आग्रह सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात धरला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले; ती हकीकत या तासात सांगता येईल.

तासाभराने काढलेल्या पाण्यात जलसुरक्षकाने ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकावेत. पिवळी छटा आली तर क्लोरिन शिल्लक आहे. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असावा; छटा तक्त्याशी ताडून पाहावी. हे पाणी कोणी पिऊ नये, विहिरीपासून दूर ओतावे.

हिशेब बरोबर असूनही रंग आला नाही, तर माझ्या मते खरा पाठ तेथून सुरू होतो. पोते उघडे राहून हवेने व ओलीने पावडरीचा जोर गेला असेल, किंवा पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यातील मळानेच क्लोरिन संपविला असेल. दोहोंपैकी कोणते, हे सांगण्याची घाई शिक्षकांनी करू नये. मुलांनाच युक्ती शोधू द्यावी. तीच निवळी सारख्या मापाने एका भांड्यात स्वच्छ पाण्यात आणि दुसऱ्यात विहिरीच्या पाण्यात टाकून घ्यावी. स्वच्छ पाण्यात रंग आला आणि विहिरीच्या पाण्यात आला नाही, तर दोष पाण्याचा. दोहोंत आला नाही, तर पावडरीचा संशय धरावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, ही शिस्त पाठांतराने लागत नाही.

ज्या दिवशी रंग येणार नाही, त्या दिवशीची नोंद मुलांच्या वहीतच राहू देऊ नये. जलसुरक्षकास व ग्रामसेवकास त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि पुन्हा मात्रा पडून रंग दिसेपर्यंत शाळेत ते पाणी उकळूनच प्यावयास द्यावे.