सक्सीड : दोन सी, दोन ई



मला ‘शाळा आणि यश’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि माझ्यानंतर जेवण आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून एकाच क्रियापदावर बोलतो : सक्सीड.

आठवीत मी आणि माझ्या बाकावरच्या मित्रानं हा शब्द एकाच ‘सी’नं लिहिला होता. सरांनी दोघांनाही तो वीस-वीस वेळा लिहायला लावला. पुढे मीही मुलांना सांगत आलो, की ‘सी, ई, ई, डी’ असा शेवट होणारी नेहमीच्या वापरातली क्रियापदं तीनच : एक्सीड, प्रोसीड आणि सक्सीड.

लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली किंवा लगत, आणि ‘केदेरे’ म्हणजे जाणे. त्यावरून झालं मागोमाग येणे. चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तो याच अर्थानं : एक गेला, त्याच्या जागी दुसरा आला. यशाचा अर्थ नंतर चिकटला. ‘सक्सेस’ तर सोळाव्या शतकात नुसता परिणाम होता, बरा किंवा वाईट. म्हणून १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘गुड सक्सेस’ असं सापडतं. आज कुणी लिहिलं तर त्या ‘गुड’खाली माझी लाल रेघ ठरलेली!

मुलं हमखास चुकतात ती पुढच्या शब्दात. ‘सक्सीड टू पास’ लिहितात. खरं तर आपण मराठीत ‘पास होण्यात यशस्वी’ म्हणतो, त्यातला ‘ण्यात’ म्हणजेच इंग्रजांचा ‘इन’. म्हणून ‘सक्सीड इन पासिंग’. ‘सक्सीड टू’ गादीवर बसणाऱ्यासाठी. आणि माणसाच्या जागी माणूस आला, तर मध्ये काहीच नको.

आपला ‘यश’ शब्द मात्र निराळा. संस्कृतात त्याचा अर्थ कीर्ती. म्हणजे चारचौघांनी नाव घ्यायला हवं. सक्सीडला मुळात तशी अट नव्हती.

हे आज आठवायचं कारण सांगतो. या मेळाव्यासाठी फोन करायचं काम माझ्याकडे होतं. त्या बाकावरच्या मित्रानं दोनदा नाही म्हटलं. “तुम्ही सगळे यशस्वी. मी दहावी नापास, येऊन काय सांगू?” दहावीनंतर वडिलांनी अंथरूण धरलं आणि गिरणी त्याच्याकडे आली. ती तो अजून चालवतो. मी फोनवरच तास घेतला. म्हटलं, इंग्रजीत तुझ्याबद्दल लिहायचं तर ‘ही सक्सीडेड हिज फादर’ असंच लिहावं लागेल. अगदी बिनचूक वाक्य.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मास्तर, व्याकरण राहू दे. सर येणार आहेत का?”

मी हो म्हटलं, आणि तो आला.

सर, तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसला आहे. वीस वेळा लिहिलेलं त्याला अजून पाठ आहे म्हणतो. स्पेलिंग विचारून बघा.