काचबिंदू : नवे संशोधन आणि आपले औषधदान
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य सभेतील भाषण)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान म्हणून आपण नेत्रशिबिरे भरवितो; परंतु तेथे विचार होतो तो प्रामुख्याने मोतीबिंदूचा. आज मी काचबिंदूविषयी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. म्हणून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचाच आधार घेतो.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत दृष्टीची नसच झिजते. बहुधा डोळ्यातील दाब वाढलेला असतो, पण वेदना होत नाहीत. नजर कडेने आक्रसत जाते आणि रुग्णाला पत्ता लागत नाही. दक्षिण भारताच्या ग्रामीण भागातील पाहण्यांत दहा रुग्णांपैकी नऊहून अधिक जणांना आपला आजार ठाऊकच नव्हता. गेलेली नजर आजचा कोणताही उपचार परत देत नाही. बुडालेली रक्कम वसूल होत नाही. उरलेले मुद्दल मात्र राखता येते.

ते राखता येते याचा पुरावा स्वीडनमधील २५५ रुग्णांच्या चाचणीने दिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांचा आजार वाढला, तर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते.

जन्मभर रोज थेंब घालणे कठीण, म्हणून नवे मार्ग शोधले गेले. ब्रिटनमधील ७१८ रुग्णांच्या चाचणीत काहींना आरंभीच सौम्य लेसर दिला गेला. २०१९ च्या अहवालानुसार तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब थेंबांविना आटोक्यात होता. २०२० मध्ये अमेरिकेत डोळ्यात बसवून हळूहळू औषध सोडणाऱ्या, विरघळणाऱ्या बारीक कांडीला मान्यता मिळाली. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने शस्त्रक्रियेत बसवावयाची निचरा-नळी अल्प किमतीत उपलब्ध केली. नसेला बळ मिळावे म्हणून ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपावरही चाचण्या सुरू झाल्या. आरंभीचे निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि मोठ्या मात्रेने यकृतास अपाय होऊ शकतो, म्हणून ते आपल्या मनाने घेऊ नये.

आता आपल्या घरची गोष्ट. दशलक्षण पर्वात उपवासाच्या दिवशी, अथवा रात्रीच्या त्यागामुळे, थेंब बंद ठेवण्याकडे काहींचा कल असतो. त्या काळात दाब पुन्हा वाढतो, आणि त्याची हानी पारण्याने भरून येत नाही. म्हणून पर्वापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, नियमाविषयी गुरुजनांचे मार्गदर्शन घ्यावे. लेसर आपणास योग्य आहे काय, हेही विचारावे.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. यापुढील प्रत्येक शिबिरात चाळिशीपुढील व्यक्तींचा नेत्रदाब मोजावा. दाब सामान्य असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नसेचीही तपासणी व्हावी. ज्यांना काचबिंदू आहे, त्यांच्या भावंडांना व मुलांना घरी निरोप पाठवून बोलवावे, कारण त्यांना धोका अधिक असतो.

संशोधकांनी साधने दिली आहेत. वेळेवर रुग्ण शोधणे हे मात्र आपल्याच हाती आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात औषधदानाचा हा संकल्प आपण सर्वांनी करावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!