कवळीचे पुढचे दात केवढे असावेत?

पूर्ण कवळीसाठी पुढचे दात निवडताना आधी चेहरा मोजतात. वरच्या मधल्या दाताची रुंदी गालांच्या हाडांमधल्या अंतराच्या साधारण सोळाव्या हिश्शाएवढी धरतात. अंतर १३६ मिलिमीटर असेल, तर दात साडेआठ मिलिमीटर रुंद. मग दातांच्या जागी तोंडात बसवलेल्या मेणाच्या कठड्यावर ओठांच्या कोपऱ्यांच्या खुणा करतात. पुढचे सहा दात साधारण त्यांच्यामध्ये बसतात. हसताना वरचा ओठ कुठवर उचलला जातो, त्यावरून दाताची लांबी ठरते. अर्थात हे सगळे अंदाजच. शेवटचा कौल आरशाचा. म्हणून स्वतःचे दात असतानाचा एखादा हसरा फोटो दवाखान्यात न्या. मेणातली कवळी तोंडात बसवून पाहतात, तेव्हाच मोकळेपणाने बोला, हसा, घरच्यांनाही दाखवा. कवळी पक्की झाल्यावर दात बदलणं जिकिरीचं!