आधी श्रवण, मग वाणी
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि आजोबा या नात्याने जे शिकलो, ते समाजापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

‘श्रावक’ म्हणजे श्रवण करणारा. बाळ जन्मापूर्वीच ऐकू लागते. वर्षाच्या सुमारास ते पहिला शब्द उच्चारते, त्यामागे तितक्याच काळाचे श्रवण असते. ज्याच्या कानी शब्दच पडत नाहीत, त्याच्या मुखी ते यावेत कसे?

माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सूनबाईंना शंका आली होती. “याचा बापही उशिराच बोलला,” असे म्हणून मीच ती उडवून लावली. थाळी वाजवली की तो वळे, म्हणून आम्ही निश्चिंत! पुढे उमगले, की त्याला हाताची हालचाल दिसत असे. कर्णबधिर बाळही पहिले काही महिने हुंकार देते. त्यामुळे घरची माणसे फसतात.

“आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही,” हेही समाधान फोल आहे. आई-वडील दोघांना उत्तम ऐकू येत असले, तरी दोघांतही एकच सदोष जनुक सुप्त असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ४ मध्ये १ इतकी बहिरेपणाची शक्यता असते. यात कोणाचा अपराध नाही. सोयरिकीच्या भीतीने हे लपवू नये.

तज्ज्ञांचा दंडक सोपा आहे : १ महिन्याच्या आत श्रवणचाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपाययोजना. पहिली चाचणी बाळ झोपेत असताना, वेदनेविना, काही मिनिटांत होते. तीत शंका आली तर ‘बेरा’ तपासणी करतात. त्यानंतर श्रवणयंत्र, गरजेनुसार कॉक्लिअर इम्प्लांट, वाचा-उपचार आणि घरच्यांचे बाळाशी अखंड बोलणे. खुणांची भाषाही परिपूर्ण भाषा आहे. तिचा संकोच बाळगू नये. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्याला वाहिलेली आहे. पात्र बालकांना केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्यही मिळते.

आज माझा नातू पाठशाळेत नवकार मंत्र म्हणतो. उच्चार थोडे अडखळतात. पण गमावलेली दोन वर्षे कोणत्याही यंत्राने परत येत नाहीत. त्या संवत्सरीला मी सूनबाईंपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो, ते केवळ रीत म्हणून नव्हे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यासाने एक संकल्प करावा, ही नम्र विनंती : आपल्या समाजात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच व्हावी. आणि आईच्या मनात शंका आली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी ती आधी ऐकून घ्यावी.

जय जिनेंद्र!